ग्रामपंचायतीचा पैसा कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचतो? : गावपातळीवरील विषमतेचा अभ्यास कसा करावा

पाणी, रस्ते आणि दिवाबत्तीवर एखाद्या ग्रामपंचायतीने वर्षभरात किती पैसा खर्च केला, हे आज ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तो पैसा गावाच्या कोणत्या भागात खर्च झाला, हे मात्र तिथे सापडत नाही. गावठाणातल्या चौकात सहा तोट्यांचे नळकोंडाळे असते आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत एकच तोटी, तीही उन्हाळ्यात कोरडी. पण दप्तरात दोन्ही कामांची नोंद ‘पाणीपुरवठा’ या एकाच शीर्षाखाली होते. सार्वजनिक धोरण, विषमता आणि लोकशाही या तिन्ही विषयांचा एकत्र अभ्यास करायचा असेल, तर त्यासाठी महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीइतकी हाताशी असलेली दुसरी जागा नाही, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. कारण निर्णय घेणारे, निर्णयाचा लाभ मिळालेले आणि निर्णयातून वगळले गेलेले असे सगळे लोक तिथे अर्ध्या तासाच्या पायी अंतरावर राहतात.

हा लेख समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी, तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या पत्रकारांसाठी आणि आपल्याच गावाचा हिशेब समजून घेऊ पाहणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी लिहिला आहे. दोन-तीन जणांच्या गटाने एका गावाचा असा अभ्यास करायला साधारण तीन महिने लागतात. वही, मोजपट्टी, साधा मोबाइल, झेरॉक्सपुरते पैसे आणि भरपूर चालण्याची तयारी एवढ्या साधनांवर तो होतो.

पहिली पायरी : प्रश्न लहान आणि मोजता येईल असा करा

‘गावातील सामाजिक विषमता’ हे प्रबंधाचे शीर्षक म्हणून चालेल, पण त्यावरून उद्या सकाळी कोणाच्या दारात जाऊन काय विचारायचे हे ठरत नाही. त्याऐवजी ‘मागील पाच आर्थिक वर्षांत या ग्रामपंचायतीच्या हद्दीत झालेल्या सार्वजनिक कामांपैकी किती खर्च कोणत्या वस्तीत झाला आणि तो ठरवणाऱ्या ग्रामसभेत त्या वस्तीतले किती लोक हजर होते’ असा प्रश्न घ्यावा. त्याच्या पहिल्या भागात धोरण आणि विषमता येते, दुसऱ्या भागात लोकशाही येते. दोन्ही भाग मोजता येतात आणि उत्तर चुकले तर गावातलाच कोणीतरी ते चुकल्याचे सांगू शकतो.

अभ्यासाचे एकक गाव नव्हे, वस्ती असावे, हा या संपूर्ण पद्धतीचा पाया आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला राज्यघटनेचा पाया मानण्यास स्पष्ट विरोध केला होता आणि खेडे म्हणजे संकुचित वृत्तीचे आगर आहे अशा आशयाचे कठोर शब्द वापरले होते. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि तिच्यासोबत अनुसूचित जाती, जमाती व महिलांसाठीचे आरक्षणही आले. आरक्षणामुळे ग्रामपंचायतीच्या बैठकीत कोण बसते हे बदलले. त्या बैठकीतून निघणारा पैसा कुठवर जातो हेही बदलले का, याचे उत्तर प्रत्येक गावात शोधावेच लागते आणि ‘गाव’ हे एकक धरले तर ते सापडत नाही, कारण गावाच्या सरासरीत वस्ती झाकली जाते.

गाव निवडताना आपले स्वतःचे किंवा आजोळचे गाव शक्यतो टाळावे. ओळखीमुळे दारे लवकर उघडतात हे खरे, पण ती कोणत्या बाजूची दारे आहेत याचा विचार करावा. पाहुण्यांच्या घरी उतरलेल्या संशोधकाला दुसरी वस्ती त्या घराचाच माणूस समजते आणि तसेच बोलते.

दुसरी पायरी : वस्त्यांची यादी आणि हाताने काढलेला नकाशा

दप्तर पाहण्याआधी गाव पाहावे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण कागद आधी वाचले की डोळ्यांना कागदावरचेच गाव दिसू लागते. पहिले तीन-चार दिवस कोणालाही प्रश्नावली न दाखवता गावठाण, वाड्या, रानातली घरे, गायरानावरची पाले आणि वीटभट्टीजवळच्या झोपड्या पायी फिराव्यात. प्रत्येक ठिकाणी घरे मोजावीत आणि पिण्याच्या पाण्याची जागा, गटार, पथदिवा, रस्त्याचा प्रकार, अंगणवाडी आणि स्मशानभूमी यांची जागा नकाशावर खुणेने दाखवावी. स्मशानभूमी नकाशावर आवर्जून दाखवावी, कारण कोणत्या समाजाची स्मशानभूमी कुठे आहे आणि तिथवर रस्ता आहे का, यातून पुष्कळ काही कळते.

एकच फेरी पुरत नाही. माझ्या पहिल्या अभ्यासात मी उन्हाळ्यात नकाशा काढला आणि ओढ्यापलीकडची वस्ती गावठाणापासून सात मिनिटांवर असल्याचे लिहिले. जुलैमध्ये पुन्हा गेलो तेव्हा ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी होते आणि शाळेत जाणाऱ्या मुली चपला हातात धरून वरच्या बंधाऱ्यावरून वळसा घालून येत होत्या. त्यांच्याबरोबर मीही चाललो. पंचवीस मिनिटे लागली. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तीसमोर दोन आकडे लिहितो, कोरड्या दिवसांचा आणि पावसाळ्याचा, आणि ते अंतरात न लिहिता वेळेत लिहितो.

वस्त्यांच्या नावांबाबत काळजी घ्यावी. वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्यामुळे जुन्या कागदांत एक नाव, नव्या कागदांत दुसरे आणि लोकांच्या बोलण्यात तिसरे असे घडू शकते. तिन्ही नावे शेजारीशेजारी मांडणारा तक्ता सुरुवातीलाच केला नाही, तर पुढे एकाच वस्तीतली कामे दोन वस्त्यांच्या नावावर मोजली जातील. अहवालात अर्थातच नवे, सन्मानाचे नाव वापरावे.

तिसरी पायरी : दप्तर मिळवणे

ग्रामपंचायतीचे हिशेब ठरावीक नमुन्यांत ठेवले जातात. त्यांपैकी या अभ्यासाला मुख्यतः तीन लागतात : नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे सामान्य रोकड वही आणि नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. पहिल्यातून काय करायचे ठरले होते ते कळते, दुसऱ्यातून प्रत्यक्ष पैसा कोणाला व कशासाठी दिला ते कळते आणि तिसऱ्यातून गावातील घरांची यादी मिळते. यांच्या जोडीला प्रत्येक कामाची मोजमाप पुस्तिका, प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश, पूर्णत्वाचा दाखला आणि ग्रामसभेचे इतिवृत्त मागावे.

सुरुवात ई-ग्रामस्वराजवरून करावी. तिथे वार्षिक ग्रामपंचायत विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतून झालेल्या खर्चाची नोंद मिळते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी देशभरातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली आणि त्यातला ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांच्याशी बांधला. म्हणजे त्या निधीतून कोणत्या क्षेत्रावर खर्च करायचा हे बऱ्याच अंशी वरूनच ठरलेले असते. कोणत्या जागी करायचा, एवढेच गावाच्या हाती उरते. म्हणूनच जागेचा प्रश्न आज पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचा झाला आहे.

गावातली बरीच कामे ग्रामपंचायतीच्या रोकड वहीत येतच नाहीत, हे नवख्या अभ्यासकाच्या लक्षात उशिरा येते. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून चालते, ‘पंचवीस-पंधरा’ म्हणून ओळखला जाणारा निधी ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातून येतो, आमदार निधीची कामे वेगळ्या वाटेने येतात आणि जलजीवन मिशनची नळयोजना आणखी वेगळ्या. यांपैकी एकही वाट सुटली तर वस्तीवार हिशेब खोटा ठरतो. त्यासाठी पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात आणि जिल्हा परिषदेच्या संबंधित विभागांत स्वतंत्र चौकशी करावी लागते.

कागद आधी सरळ मागून पाहावेत. ग्रामसेवक, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, अनेकदा दोन-दोन गावे सांभाळत असतात आणि त्यांच्यामागे सतत कोणती ना कोणती मोहीम असते. त्यांचा ठरलेला दिवस विचारून, महाविद्यालयाचे पत्र घेऊन, शांतपणे बसून नोंदी उतरवून घेणारा विद्यार्थी त्यांना सहसा अडचणीचा वाटत नाही. तरीही नकार मिळाला, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज करावा. त्यासाठी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो आणि प्रतींसाठी पानामागे २ रुपये लागतात. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून रोकड वही, इतिवृत्त आणि मोजमाप पुस्तिका यांच्यासाठी वेगवेगळे अर्ज करणे श्रेयस्कर. ‘गावातील विकासकामांची संपूर्ण माहिती द्यावी’ असे कधीही लिहू नये. ‘मागील पाच आर्थिक वर्षांच्या नमुना ५ सामान्य रोकड वहीचे प्रत्यक्ष निरीक्षण करू द्यावे आणि निरीक्षणानंतर मी निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात’ असे लिहिले की मागणी नेमकी होते आणि खर्चही वाचतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. हा काळ वाया घालवू नये. दरम्यान घरभेटींचे काम सुरू ठेवावे.

चौथी पायरी : प्रत्येक कामाला जागेवर शोधणे

या अभ्यासात सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. रोकड वहीत ‘अंतर्गत रस्ता काँक्रीटीकरण करणे’ एवढेच लिहिलेले असते. कोणता अंतर्गत रस्ता? मोजमाप पुस्तिकेत कधीकधी ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत’ असा उल्लेख सापडतो आणि तोच आपला धागा असतो. तो कागद घेऊन त्या घरी जावे. घरमालक वारलेला असतो, घर विकलेले असते किंवा एकाच नावाची दोन घरे असतात. अशा वेळी त्या गल्लीत काम केलेला गवंडी, पाणी सोडणारा कर्मचारी आणि ओट्यावर बसलेल्या वयस्क बाया या तिघांना वेगवेगळे विचारावे. तिघांची उत्तरे जुळली तर जागा पक्की समजावी.

मग मोजपट्टी काढावी. लांबी, रुंदी आणि जिथे कड उघडी असेल तिथे जाडी मोजून मोजमाप पुस्तिकेतल्या आकड्यांशेजारी लिहावी. हे मोजमाप कोणावर आरोप करण्यासाठी नसते, काम त्याच जागचे आहे याची खात्री करण्यासाठी असते, आणि भोवती जमणाऱ्या लोकांनाही ते तसेच स्पष्ट शब्दांत सांगावे. एका गावात गटाराची लांबी मोजताना लहान मुलांनी पट्टीचे टोक धरले होते आणि त्यांच्यातल्याच एका मुलीने सहज सांगितले की हे गटार त्यांच्या घरामागे येऊन थांबते आणि पावसात सगळे पाणी तिथेच साचते. कागदावर ते काम तिच्या वस्तीच्या नावावर होते. ते गटार वरच्या आळीचे पाणी खाली आणून सोडत होते. त्यामुळे प्रत्येक कामापुढे ‘कुठे झाले’ या रकान्याबरोबर ‘उपयोग कोणाला’ असाही रकाना ठेवावा आणि दोन्हींची उत्तरे वेगळी असतील तर तसे लिहावे.

जी कामे सगळ्या गावाची असतात, जसे पाण्याची टाकी, शाळेची भिंत किंवा ग्रामपंचायतीची इमारत, ती कोणत्याही एका वस्तीच्या नावावर टाकू नयेत. त्यांचा ‘सामाईक’ असा वेगळा गट करावा. जी सापडलीच नाहीत त्यांचाही वेगळा गट करावा आणि त्यांची रक्कम अहवालात लपवू नये.

पाचवी पायरी : कोष्टक मांडणे

पद्धत समजण्यासाठी एक कल्पित गाव घेऊ. एकूण ३०० घरे : गावठाणात १८०, बौद्धवस्तीत ४०, धनगरवस्तीत ३० आणि रानातल्या विखुरलेल्या वस्त्यांत ५०. पाच वर्षांत जागेवर सापडलेल्या कामांचा खर्च ४५ लाख रुपये; त्यातले ३३ लाख गावठाणात, ६ लाख बौद्धवस्तीत, दीड लाख धनगरवस्तीत आणि साडेचार लाख रानातल्या वस्त्यांत.

एकूण खर्च नुसता पाहिला तर गावठाणाला मोठा वाटा मिळालेला दिसतो, पण घरेही तिथेच जास्त आहेत. म्हणून खर्चाला घरांच्या संख्येने भागावे. गावाची सरासरी घरामागे १५,००० रुपये येते. गावठाणात १८,३३३, बौद्धवस्तीत १५,०००, रानात ९,००० आणि धनगरवस्तीत ५,०००. एवढ्यावर थांबले तर बौद्धवस्तीला बरोबर सरासरीइतका वाटा मिळाला आणि तिथे अन्याय झालेला नाही, असा निष्कर्ष निघेल. आणि गावकारभारी तो आनंदाने मान्य करतील.

आता एक पाऊल पुढे जाऊ. बौद्धवस्तीतल्या ६ लाखांपैकी ४ लाख रुपये खास त्या वस्तीसाठीच आलेल्या योजनेतले होते असे समजू, म्हणजे ते इतरत्र खर्चच करता आले नसते. ते बाजूला काढले तर ज्या पैशाच्या वाटपाचा निर्णय खरोखर गावाच्या हाती होता, त्यातून या वस्तीला फक्त २ लाख मिळाले : घरामागे ५,०००, म्हणजे धनगरवस्तीइतकेच. मागे पडलेल्या वस्तीला जास्तीचे मिळावे म्हणून आलेला निधी, तिला एरवी मिळायला हवे होते त्याची जागा भरून काढतो आणि सर्वसाधारण निधी गावठाणाकडे वळतो. ‘त्यांच्यासाठी वेगळी योजना आहे ना’ हे वाक्य मी अनेक ग्रामपंचायतींत ऐकले आहे. ते बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही, पण त्या वाक्याचा परिणाम या कोष्टकात दिसतो. म्हणून सर्वसाधारण निधी आणि राखीव निधी असे दोन स्वतंत्र रकाने केल्याशिवाय वस्तीवार हिशेब पूर्ण झाला असे मानू नये. माझ्या मते या सगळ्या अभ्यासातली एकच पायरी करायला वेळ मिळाला, तर ती ही करावी.

याच वेळी ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च केला का, हेही तपासावे. टक्केवारीच्या पलीकडे जाऊन वस्तू काय घेतली ते पाहावे. समाजमंदिरासाठी सतरंज्या आणि भांडी घेऊन १५ टक्के पूर्ण केलेले आढळले, तर त्या वस्तू आज कोणाच्या घरी आहेत हे विचारावे.

सहावी पायरी : ग्रामसभेतली उपस्थिती

इतिवृत्ताच्या नोंदवहीत हजर असलेल्यांच्या सह्या व अंगठे असतात. त्यांची मतदारयादीशी सांगड घालून प्रत्येक नाव कोणत्या वस्तीतले आणि स्त्रीचे की पुरुषाचे हे लिहावे. दोन जणांनी स्वतंत्रपणे केले तर चुका कमी होतात. एका आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा होणे अपेक्षित असते आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. तिचेही इतिवृत्त मागावे आणि तिच्यात मांडलेल्या मागण्या मुख्य सभेच्या ठरावांत उतरल्या का, हे एकेका मागणीनिशी जुळवावे.

गणपूर्तीचा नियम समजून घेणे आवश्यक आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. म्हणजे १,५०० मतदारांच्या गावात १०० जण पुरतात आणि ते सर्वच्या सर्व गावठाणातले असले तरी सभा कायदेशीर ठरते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला तर गणपूर्तीचीही अट राहत नाही. त्यामुळे कोणते ठराव मूळ सभेत झाले आणि कोणते तहकूब सभेत, हे प्रत्येक ठरावासमोर लिहावे.

उपस्थितीचा तक्ता कामधंद्याच्या वर्षाशी जोडून वाचावा लागतो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतल्या गावांत ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची, म्हणजे ‘कोयत्यांची’, संख्या मोठी असते. मुकादमाकडून उचल घेऊन ही कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्याची लोकमोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरला सुरू होऊन हिवाळाभर चालते. वस्त्या रिकाम्या होतात नेमक्या तेव्हाच पुढच्या वर्षाची कामे ठरत असतात आणि २६ जानेवारीच्या सभेला ही माणसे फडात असतात. कोणीही त्यांना ‘येऊ नका’ म्हटलेले नसते. तरी त्यांचा आवाज आराखड्यात नसतो. उपस्थिती कमी दिसली की ‘या लोकांना ग्रामसभेत रसच नाही’ असा शेरा लिहिण्याआधी, त्या तारखेला ती माणसे कुठे होती हे शोधणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

सातवी पायरी : घरभेटी

घरांची यादी नमुना ८ वरून घ्यावी, पण ती अपुरी असते हे लक्षात ठेवून. गायरानावरची, पालातली आणि ज्यांची आकारणीच झालेली नाही अशी घरे तिच्यात नसतात. दुसऱ्या पायरीत काढलेल्या नकाशावरून ती यादीत घालावीत. लहान वस्त्यांतली सगळी घरे आणि मोठ्या वस्तीतले ठरावीक अंतराने एक घर घ्यावे. वरच्या कल्पित गावात धनगरवस्तीतली तीसही घरे आणि गावठाणातले दर सहावे घर घेतले, तर दोन्हीकडून तीस-तीस मुलाखती मिळतात. मात्र गावाची सरासरी काढताना गावठाणातल्या प्रत्येक उत्तराचे वजन सहापट धरावे लागते, हे विसरू नये.

प्रश्न कृतीविषयी विचारावेत. ‘ग्रामपंचायतीच्या कारभाराबद्दल आपण समाधानी आहात का?’ याला बहुतेक जण ‘हो, बरं आहे’ असेच म्हणतात, विशेषतः शेजारी उभा असेल तर. ‘काल पिण्याचे पाणी कुठून आणले, कोणी आणले, किती खेपा झाल्या’ याचे उत्तर माणूस आठवून देतो. त्याचप्रमाणे ‘आपण ग्रामसभेत सहभागी होता का’ असे विचारण्यापेक्षा ‘शेवटच्या ग्रामसभेची दवंडी किंवा निरोप तुमच्यापर्यंत आला होता का, कोणी दिला, गेला असाल तर कुठे बसलात आणि काही बोललात का’ असे विचारावे. कुठे बसलात, या प्रश्नाचे उत्तर देताना लोक बराच वेळ घेतात. तो वेळ त्यांना द्यावा.

बायकांशी बोलायला दुपारची वेळ बरी, जेवणे आटोपल्यावर आणि शेतावरून परतणाऱ्यांची गडबड सुरू होण्याआधी. गटात एक तरी मुलगी असावी. सरपंच महिला असतील तर त्यांची मुलाखत त्यांच्याशीच घ्यावी. पती सोबत बसून उत्तरे देऊ लागले, तर त्यांना अडवून अवमान करण्याऐवजी गटातल्या दुसऱ्या सदस्याने त्यांना कामे दाखवण्याची विनंती करून बाहेर न्यावे. सरपंचताईंना ‘तुम्हाला अधिकार आहेत का’ असे विचारू नये. ‘मागच्या महिन्यात कोणत्या कागदांवर सही केली, त्याआधी ते कोणी वाचून दाखवले, एखाद्यावर सही करायला नकार दिला का’ असे विचारावे.

मुलाखतीआधी आपण कोण, माहिती कशासाठी हवी, नाव येणार नाही आणि नको वाटले तर कोणत्याही क्षणी थांबता येईल, हे प्रत्येक घरी सांगावे. नुसते नाव काढल्याने लहान गावात ओळख लपत नाही. ‘धनगरवस्तीतली विधवा अंगणवाडी मदतनीस’ असे लिहिले की सारे गाव ओळखते. ज्या तपशिलावरून माणूस ओळखू येईल तो तपशील गाळावा, मग त्याने परिच्छेद फिका पडला तरी चालेल.

आठवी पायरी : एकाहून अधिक गावे घेतल्यास

एका गावाच्या अभ्यासातून काय घडले ते कळते, कशामुळे घडले ते सहसा सिद्ध होत नाही. कारणाचा शोध घ्यायचा असेल तर तालुक्यातली पुष्कळ गावे लागतात, आणि तिथे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत कामी येते. महिलांसाठी राखीव गावे चिठ्ठी काढून ठरत असल्याने राखीव आणि अराखीव गावांची तुलना बरीच निर्दोष होते. रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला पश्चिम बंगाल व राजस्थानमधील २६५ पंचायतींचा अभ्यास याच तत्त्वावर उभा आहे. महिलाप्रमुख असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्यावरचे काम दोन्हीकडे वाढलेले त्यांना आढळले. रस्त्यांचे काम मात्र पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात वाढले आणि राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात घटले, कारण दोन्ही ठिकाणच्या स्त्रियांच्या मागण्याच वेगळ्या होत्या. आपल्यासाठी यातला उपयोगी धडा असा की ‘महिलांना काय हवे असते’ हे गृहीत न धरता स्त्री-पुरुषांच्या मागण्या वेगवेगळ्या नोंदवाव्यात आणि मगच खर्चाशी ताडून पाहाव्यात. महाराष्ट्रात महिलांचे आरक्षण २०११ पासून ५० टक्के असल्याने तुलनेसाठी गावे भरपूर मिळतात. अनुसूचित जाती-जमातींसाठीची पदे मात्र लोकसंख्येच्या प्रमाणाशी जोडलेली असल्याने तिथे ही तुलना तितकी सरळ राहत नाही.

नववी पायरी : गावापुढे वाचन

अहवाल विद्यापीठात सादर करण्याआधी गावात वाचावा. आधी प्रत्येक वस्तीत, शेवटी ग्रामपंचायत कार्यालयात, हा क्रम ठेवावा; उलट केले तर वस्तीपर्यंत अहवालाऐवजी अहवालाबद्दलचे मत पोहोचते. कोष्टक मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावावे आणि प्रत्येक कामाचे नाव, वर्ष, रक्कम व जागा मोठ्याने वाचावी. चुका निघतात. एका वाचनात आमच्या यादीतला हातपंप दोन वर्षांपूर्वीच काढून नेल्याचे एका आजींनी उभे राहून सांगितले, आणि तो ज्या वस्तीच्या खात्यावर आम्ही धरला होता तिथला घरामागचा आकडा आम्हाला तिथल्या तिथे खोडून नव्याने मांडावा लागला. अशा प्रत्येक दुरुस्तीची तारखेनिशी नोंद ठेवावी आणि सुधारलेल्या कोष्टकाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी आवक नोंद करून पोहोच घ्यावी. वाचनाची तारीख ठरवताना कोयते गावात परतलेले आहेत ना, एवढे आधी पाहावे.